बंद टाकीतला चालू कारखाना



व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस बोलावला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. आज आम्ही बोलणार आहोत ते जंतूंच्या पोटातल्या एका विकराबद्दल, म्हणजे ज्याला शाळकरी मुलेही आता एन्झाइम म्हणतात त्याबद्दल. आमचे शाळेतले शिक्षण फार नाही. रसायनशास्त्र आम्ही आधी पिंपांवरच्या चिठ्ठ्या वाचून शिकलो आणि नंतर वाचनालयात बसून. तेव्हा प्राध्यापकांसारखी रेखीव मांडणी आमच्याकडून होणार नाही; मात्र जे सांगू ते ताडून पाहिलेले सांगू.

विषय का घेतला ते आधी सांगतो. मे 2019 मध्ये, येथून हाकेच्या अंतरावर ढोकाळीत, एका गृहसंकुलाची मलप्रक्रियेची टाकी साफ करताना तीन तरुण कामगार गुदमरून मेले. अशा बातम्या दर वर्षी कोठून ना कोठून येतात. प्रत्येक बातमीत 'विषारी वायू' एवढे दोन शब्द असतात, आणि तेथेच लोकांची जिज्ञासा संपते. हा वायू आला कोठून? कोणी नळकांड्यातून आणून सोडला नाही, कारखान्यातून गळला नाही. तो तेथेच तयार झाला. ज्या टाकीला सगळे जण साचलेली, मेलेली घाण समजतात, तो वास्तविक एक चालू कारखाना असतो. त्याला रविवार नाही, दिवाळी नाही, टाळेबंदी नाही. त्या कारखान्यात कोण राबते, कशावर राबते आणि माल काय काढते, हे त्यात उतरणाऱ्या माणसाला आणि त्याला उतरवणाऱ्या सोसायटीला ठाऊक असले पाहिजे.

टाकीत कच्चा माल येतो तो नानाविध: विष्ठा, मूत्र, खरकटे, तेल, साबणाचे पाणी, कागदाचा लगदा. पहिल्या खात्यातले जंतू हे मोठे रेणू तोडतात. पिठाची साखर होते, प्रथिनांची ॲमिनो आम्ले होतात, तेलाची मेदाम्ले. दुसऱ्या खात्यात त्यांचीही मोडतोड होऊन लहान आम्ले आणि थोडे मद्य उरते. तिसऱ्या खात्यातून जे बाहेर पडते त्यात हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड असतात. पण मुख्य माल म्हणजे ॲसिटेट. हे नाव परके वाटले तरी वस्तू घरची आहे. शिरक्यातले जे आंबट आम्ल, त्याचे पाण्यात विरघळलेले रूप म्हणजे ॲसिटेट. सकाळी झाडावरून उतरवलेली माडी दुपारपर्यंत फसफसते आणि तशीच उघडी ठेवली तर काही दिवसांत शिरका होऊन बसते, हे या खाडीकाठच्या जुन्या माणसांना सांगायला नको. कोलशेत रस्त्यावर रंगांचे आणि रसायनांचे कारखाने होते तेव्हा त्यांत राबलेल्यांनाही 'असेटिक'चा तो नाकाला झोंबणारा वास आठवत असेल. आता त्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, आणि मनोऱ्यांच्या तळघरांत टाक्या आल्या. रसायने येथून गेली असे म्हणता येणार नाही. ती तळघरात उतरली.

आता मुद्दा असा की ॲसिटेट हा फार थंड डोक्याचा रेणू आहे. त्यात दोनच कार्बन अणू, आणि त्यांपैकी एक ऑक्सिजनने आधीच जखडलेला. तो आपण होऊन कशाशी भांडत नाही, कशाशी जुळत नाही. जंतूच्या पेशीत शिरला तरी नुसता पडून राहतो. बाजारात भरलेली गोणी असावी, पण तिला आकडा लावल्याशिवाय हमालाला पाठीवर घेता येऊ नये, तशी त्याची अवस्था. पेशीजवळ असा आकडा आहे; त्याचे नाव कोएन्झाइम ए. त्याच्या टोकाला गंधकाचा एक अणू असतो, आणि तोच ॲसिटेटला पकडतो. हा आकडा शोधून काढला फ्रिट्झ लिपमन या शास्त्रज्ञाने. जर्मनीत जन्मलेला हा माणूस आधी डेन्मार्कला आणि 1939 मध्ये अमेरिकेला गेला, आणि बॉस्टनच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्याने हे काम केले. नावातला 'ए' म्हणजे ॲसिटेटला चेतवणारा, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. 1953 साली त्याला हान्स क्रेब्ज यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. आकडा लागलेल्या मालाची ओळख 1951 मध्ये म्यूनिकच्या फेओडोर लिनेन यांनी पटवली. शास्त्रज्ञ त्याला त्या काळी 'सक्रिय ॲसिटेट' म्हणत. आम्हीही तेच नाव वापरू.

परंतु आकडा फुकट लागत नाही. पेशीतले चलन म्हणजे एटीपी नावाचा रेणू. त्याच्या शेपटीला फॉस्फेटच्या तीन कड्या असतात, आणि कडी तुटली की कामाला शक्ती मिळते. ॲसिटेटला आकडा लावणारे जे विकर, त्याचे नाव ॲसिटिल-कोएन्झाइम-ए सिंथेटेज. नाव लांब आहे, आम्हाला पाठ करायला आठवडा लागला. आपण त्याला 'आकडेवाला' म्हणू. हा काम दोन टप्प्यांत करतो, हे पॉल बर्ग यांनी 1956 मध्ये दाखवले. पहिल्या टप्प्यात तो एटीपीच्या दोन कड्या एकदम तोडून फेकतो आणि उरलेला तुकडा ॲसिटेटला चिकटवतो. दुसऱ्या टप्प्यात तो तुकडा सोडवून त्याच्या जागी कोएन्झाइम एचा आकडा बसवतो. फेकलेली कड्यांची जोडी दुसरे एक विकर लगेच फोडून टाकते, त्यामुळे माल उलट्या वाटेने परत जाऊ शकत नाही. व्यवहार पक्का होतो, पण खर्च दोन कड्यांचा. म्हणजे कमाई व्हायच्या आधीच जंतूला दुप्पट उचल मोजावी लागते.

जंतूंकडे यापेक्षा स्वस्त यंत्रही आहे. आपल्या आतड्यात राहणारा एशेरिकिया कोलाय नावाचा जंतू घ्या. त्याच्याकडे ॲसिटेट कायनेज आणि त्याचा जोडीदार असे दोन विकरांचे यंत्र आहे. ते एकाच कडीच्या खर्चात काम भागवते आणि पुढे-मागे दोन्ही दिशांना चालते. साखर मुबलक असते तेव्हा हा जंतू तीच जोडी उलटी फिरवतो, ॲसिटेट बाहेर फेकतो आणि वर एटीपीची कमाई करतो. साखर संपली की आपणच फेकलेले ॲसिटेट तो पुन्हा आत घ्यायला लागतो. मग महागड्या आकडेवाल्याची गरज काय, असे कोणीही विचारील. गरज अशी की स्वस्त यंत्राला माल दाट लागतो. त्याची पकड बसायला जेवढे ॲसिटेट पाण्यात असावे लागते, त्याहून तीस ते पन्नास पट विरळ पाण्यातसुद्धा आकडेवाला काम करतो. बाजार भरलेला असतो तेव्हा स्वस्त यंत्र. सांडलेले दाणे वेचायची वेळ येते तेव्हा आकडेवाला. मंदीच्या काळात घर चालवलेल्या मायबहिणींना हा हिशेब आमच्यापेक्षा चांगला समजेल.

आणि या आकडेवाल्याला लगामही आहे, याचे आम्हाला विशेष वाटते. तो बेफाम चालला तर पेशीतले सगळे चलन तोच उडवील. म्हणून पेशी त्याच्यावर एक खूण चिकटवते, आणि ती खूण लागली की तो बंद पडतो. खूण पुन्हा सोडवली की कामाला लागतो. गंमत म्हणजे ती खूण ॲसिटिलचीच असते, म्हणजे ज्या मालावर तो राबतो त्याच मालाची. हे साल्मोनेला जंतूमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी 2002 साली दाखवले. लगाम काढून घेतलेल्या आणि आकडेवाला वाढवून दिलेल्या जंतूंची वाढ खुंटते, हेही पुढे सिद्ध झाले. ज्या कारखान्यात ओव्हरटाइमला मर्यादा नसते त्याचे काय होते, ते आम्ही पाहिलेले आहे. पण तो आजचा विषय नाही.

सक्रिय झालेले ॲसिटेट पुढे दोन कामांना जाते. एक भाग क्रेब्ज यांच्या नावाच्या चक्रात जळतो आणि शक्ती देतो. दुसऱ्या भागातून जंतू स्वतःचे शरीर बांधतो. येथे एक अडचण होती: त्या चक्रातून जाताना दोन कार्बन अणू वायू होऊन उडून जातात, म्हणजे आले तेवढे गेले, बांधकामाला काही उरायला नको. ही अडचण जंतू कशी सोडवतात ते 1957 साली कॉर्नबर्ग आणि क्रेब्ज यांनी शोधले. जंतूंनी चक्रात एक आडवाट काढलेली आहे. वायू उडण्याच्या दोन जागा तिने टळतात आणि कार्बन हाती राहतो. नुसत्या ॲसिटेटवर जंतू जगू शकतो तो या आडवाटेमुळे. टाकीत जो गाळ वाढतो, तो पुष्कळसा या जंतूंच्या शरीरांचाच असतो.

हा सगळा संसार हवा असताना सुखाचा चालतो. ऑक्सिजन असेल तर ॲसिटेटच्या एका मापामागे सुमारे साडेआठशे किलोज्यूल शक्ती मोकळी होते. त्यात दोन कड्यांचा खर्च किरकोळ ठरतो. बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. म्हणूनच गृहसंकुलांच्या टाक्यांत हवा फुंकणारे ब्लोअर बसवलेले असतात. तो घरघराट रहिवाशांना नकोसा होतो, आणि विजेचे बिल कमिटीला नकोसे होते. मग कोणीतरी सुचवते की रात्री ब्लोअर बंद ठेवावा. बटण दाबले की टाकी शांत होते आणि सर्वांना बरे वाटते. आत मात्र पाळी बदललेली असते.

पाण्यातला ऑक्सिजन जंतू थोड्या वेळात संपवतात. मग हवेवर जगणारे मागे पडतात आणि बिनहवेचे कामगार पुढे येतात. त्यांत एक जात मिथेन करणाऱ्यांची. शास्त्रज्ञ 1977 पासून त्यांना जंतूंच्या निराळ्या घराण्यात धरतात. पण आकड्याचे तंत्र तेच. त्यांच्यातला एक गट, मिथॅनोसार्सिना, स्वस्त यंत्र वापरतो. दुसरा, मिथॅनोथ्रिक्स, महागडा आकडेवाला वापरतो आणि अगदी विरळ ॲसिटेटवर गुजराण करतो. ॲसिटेटचे दोन तुकडे करून ते मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड बनवतात. अशा टाकीतले सुमारे दोन-तृतीयांश मिथेन याच वाटेने येते. या कामगारांना मिळते काय? साडेआठशेच्या ठिकाणी जेमतेम 31 किलोज्यूल. इतक्या हलाखीच्या मजुरीवर पृथ्वीच्या पाठीवर दुसरे कोणी राबत असेल असे आम्हाला वाटत नाही. मजुरी कमी म्हणून त्यांची वाढ मंद, आणि म्हणून त्यांच्यावर माल एकदम ओतून चालत नाही. पुढची खाती भराभर आम्ल करीत राहिली आणि शेवटचे खाते मागे पडले, तर आम्ल साचून टाकी आंबते आणि मिथेनचे काम ठप्प होते. घरगुती गोबरगॅस चालवणाऱ्यांनी हे अनुभवलेले असते.

हे मिथेन वाया जाते असेही नाही. आपल्या मुंबईतच, माटुंग्याच्या कुष्ठरुग्णाश्रमात, मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून वापरण्याचा प्रयोग 1897 साली झाला होता. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले होते, त्यांच्या वस्तीत ही विद्या देशात प्रथम रुजली, याची नोंद आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवी होती. पुढे पुण्यात आनंद कर्वे यांनी स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्या अन्नावर चालणारे छोटे संयंत्र लोकप्रिय केले, आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी 'निसर्गऋण' ही पद्धत घडवली. त्या विषयावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे, अशी आमची संयोजकांना विनंती आहे.

आता तिसरी जात, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. संध्याकाळी ओहोटी लागली की कोलशेतच्या खाडीकाठी तिवरांच्या बुंध्याशी काळा चिखल उघडा पडतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पावणेतीन ग्रॅम सल्फेट असते. काही जंतू ऑक्सिजनच्या ऐवजी हे सल्फेट श्वासाला वापरतात, ॲसिटेट जाळतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. चिखलातल्या लोखंडाशी तो जुळला की काळा रंग येतो. या जंतूंना एका मापामागे सुमारे 48 किलोज्यूल मिळतात. मिथेनवाल्यांच्या 31पेक्षा हे जास्त. म्हणून जेथे सल्फेट भरपूर तेथे ॲसिटेट आधी हेच उचलतात. उघड्या खाडीत वारा आहे, भरती आहे. तेथे हा वायू पांगतो आणि त्या चिखलात निवट्या सुखाने उड्या मारतात. टाकीत वारा नाही. आणि सल्फेट टाकीतही येते: मूत्रातून येते, धुण्याच्या पावडरीतून येते, खाडीकाठच्या तळघरात खारे पाणी झिरपते त्यातून येते. शिवाय प्रथिनांतला गंधक कुजूनही हाच वायू देतो.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. तो वर येऊन सूचना देत नाही, तळाशी बसतो. अगदी थोडा असेल तर नाकाला लगेच कळतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभराच्या वर भाग झाले की नाकच बधिर होते. 'आधी वास येत होता, आता येत नाही, म्हणजे वायू गेला' असे ज्याला वाटले, तो माणूस सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. पाचशेच्या पुढे थोड्या वेळात मृत्यू येतो. त्याहून जास्त असेल तर एकदोन श्वासांत शुद्ध जाते. मिथेन विषारी नाही, पण तो साचला की ऑक्सिजनची जागा घेतो, आणि ठिणगी पडली तर पेटतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. वरची हवा तपासून ठीक आली तरी गाळात वायू बुडबुड्यांच्या आणि विरघळलेल्या रूपात दबा धरून असतो. फावड्याने गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. पहिली पाच मिनिटे कामगार ठीक असतो आणि सहाव्या मिनिटाला कोसळतो, त्याचे कारण हे. वरून त्याचा सोबती पाहतो आणि त्याला काढायला उडी घेतो. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने 1986 साली लिहून ठेवले की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी 60 टक्क्यांहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचवायला गेलेली असतात. मैत्री ही कामगाराची थोर गोष्ट, आणि या एका ठिकाणी तीच त्याचा घात करते.

कायदा याबाबत मुका नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या छत्तिसाव्या कलमात असे घातले होते की जेथे घातक वायू असण्याचा संभव आहे अशा टाकीत, जाणकाराने तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय, किंवा श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा असल्याशिवाय, माणूस उतरवू नये. आम्ही ज्या एका कारखान्यात होतो तेथे वायू मोजायचे यंत्र होते, पण कपाटात कुलूपबंद. किल्ली साहेबांकडे, आणि साहेब रात्रपाळीला नसत. तरी तेथे निदान भांडायला कलम होते. गृहसंकुल म्हणजे कारखाना नव्हे, असे म्हणून कंत्राटदार तेथे हात झटकीत. 2013 च्या कायद्याने ही पळवाट बुजवली. संरक्षक साधने आणि सुरक्षिततेची व्यवस्था दिल्याशिवाय कोणालाही, कोणीही, गटारात किंवा सेप्टिक टाकीत सफाईला उतरवणे हा गुन्हा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 रोजी अशा मृत्यूंमागे 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि 20 ऑक्टोबर 2023 रोजी ती रक्कम 30 लाख केली. आम्ही भरपाईच्या रकमांवर पुष्कळ भांडलो आहोत. पण येथे मागणी रकमेची नाही. गाळ यंत्राने उपसता येतो. पंप आहे, टँकर आहे. अगदीच माणूस उतरवावा लागला तर आधी ब्लोअरने हवा खेळवावी, दोरीला मीटर बांधून तळापर्यंत सोडावा, ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तर झाकण परत लावावे, आणि माणूस खाली असेतोवर मीटर चालूच ठेवावा. तोंडावर तिवई, कप्पी आणि दोर असावा, म्हणजे वाचवणाऱ्याला उडी घ्यावी लागणार नाही. या सगळ्याचे भाडे एका मजल्याच्या दिवाळीच्या रोषणाईहून फार जास्त नसावे.

आमच्या सभांत एक प्रश्न नेहमी येतो, तो येथेही कोणाच्या मनात असेल: या जंतूंनाच औषध टाकून मारून का टाकू नये? मारले तर मैला जसाच्या तसा खाडीत जाईल, आणि तेथे खाडीतले जंतू हेच काम करतील. म्हणजे टाकी बांधलीच कशाला? आणि औषध म्हणून संडास धुवायचे ॲसिड टाकीत ओतण्याची चाल आहे, ती तर भयंकर आहे. गाळात जो सल्फाइड मुकाट बसलेला असतो, त्याला ॲसिड लागले की तो क्षणात वायू होऊन बाहेर येतो. पावसाळ्यापूर्वीची टाक्यांची सफाई आता सुरू होईल. आपल्या इमारतीत झाकण उघडलेले दिसले, तर जवळ मीटर आहे का आणि कोणी ॲसिडचा कॅन आणला आहे का, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.